कौसल्याकाकूची म्हैस

शेळगावची पाइपलाइन फुटली आणि रोहिणी साळवेच्या दारात सकाळपासून हंडे-कळश्या लागल्या. मळ्याच्या त्या अंगाला बोअर होती ती तिच्याच घरची. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. संध्याकाळी तिच्या ओसरीवर प्रार्थना होती. इंदापूरहून चर्चच्या मंडळीतल्या बायका येणार होत्या, आणि रोजच्या जगण्यातून देवाचं गौरव कसं दिसावं यावर तिलाच बोलायचं होतं. पाणी नेणाऱ्या बायकांकडं बघून तिला वाटलं, आता निराळं बोलायला तरी काय हवं?

शेजारची कौसल्याकाकू मात्र आली नव्हती.

मागं अंगणवाडीतला खाऊ शिजवायचं काम रोहिणीला मिळता मिळता राहिलं होतं. "त्या किरिस्तावांच्या हातचं आमच्या पोरांना नगं," असं काकू चारचौघांत बोलली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला होता.

दुपार चढली तशी काकूची म्हैस ओरडायला लागली. नुकतीच व्यालेली, त्यात वैशाखाचं ऊन. काकूचे यजमान म्हस्कूतात्या लेकीकडं बारामतीला गेलेले, आणि काकूचा गुडघा सुजलेला. लांबून पाणी आणणार कोण?

रोहिणी बायबल उघडून बसली. म्हैस ओरडली. ती उठली, झाडलेली ओसरी पुन्हा झाडली, चटया अंथरल्या, परत गुंडाळल्या. 'येऊ दे की मागायला. इतक्या जणी आल्या, तिलाच काय झालंय?' पुन्हा पुस्तकापाशी बसली, पण ओळी नुसत्या डोळ्यांखालून जात होत्या. म्हैस ओरडली की काळजात कालवल्यासारखं व्हायचं, आणि त्याच्याच तळाशी कुठंतरी गोडही वाटायचं. ते गोड वाटणं ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

अविराज जेवायला आला. घास हातात धरून म्हणाला, "म्हस लई वरडतीया काकूची."

"मलाबी कान हायत."

नवऱ्यानं ताट संपवलं. हात धुऊन म्हणाला, "लाईट जायाचा टाइम झाला. मोटार बंद करू?"

"करा."

तो बटणापाशी पोचला, तोच ती धावत बाहेर आली. "ऱ्हाऊ द्या! बंद करू नगा!"

भाजीच्या वाफ्यात पडलेला पाइप तिनं ओढून काढला. साडीचा काठ चिखलात भरला. कुंपणाच्या फटीतून पाइप सरकवून ती काकूच्या गोठ्यात शिरली. काकू रिकाम्या हौदाच्या कडेला बसली होती.

"मी मागितलं का तुला?"

"न्हाय. म्हशीनं मागितलं."

पाणी हौदात पडलं. म्हशीनं मान घातली ती वर काढलीच नाही. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तोंड न वळवताच म्हणाली, "तुमच्या देवानं धाडलं व्हय?"

हो म्हणणं सोपं होतं. संध्याकाळी सांगायलाही चांगलं झालं असतं. पण रोहिणीच्या तोंडून निराळंच आलं. "त्यो सकाळपासनंच सांगत हुता, काकू. मीच बसून ऱ्हायले. तुमी मागायला यावं म्हनून."

काकूनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "मी आले नसते."

"ठावं हाय."

पाइप फुरफुरला आणि पाणी थांबलं. लाईट गेली. हौद निम्मासुद्धा भरला नव्हता. काकू गुडघ्यावर हात टेकून उठली, पाइपाचं तोंड चिखलातून उचलून दगडावर ठेवलं. "उद्या लाईट कवा येती?"

"सकाळीच."

"मग पाइप ऱ्हाऊ दे हितंच," काकू म्हणाली, आणि आत गेली.

संध्याकाळी बायका आल्या तेव्हा रोहिणीनं पाठ केलेलं काही सांगितलं नाही. म्हैस कशी ओरडत होती, आपण घरात कशा बसून राहिलो आणि ते बसणं कसं गोड लागत होतं, एवढंच सांगितलं. कुणी हसलं नाही. मन हलकं झालं, पण निवांत झालं नाही. उद्या मोटार चालू करताना तेच मन पुन्हा आडवं येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.