चपलेवर बसलेली मुंगी

“ताई, तुम्हाला नुसतं खेळायचा पगार मिळतो?”

प्रश्न टकळीचा नव्हताच. तो तिच्या दोन मैत्रिणींनी ठरवला होता आणि ‘हिंमत असेल तर विचार’ म्हणून तिच्या गळ्यात मारला होता. हिंमत तर यंदा टकळीकडे उतू चालली होती. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिच्या तोंडाला टाळं असं उरलंच नव्हतं. मैत्रिणी खिडकीबाहेर तोंडावर हात दाबून खुसखुसत होत्या.

खेळघराच्या ताईंनी ठोकळे पुसता पुसता मान वर केली. आगीत घरं गेलेली कुटुंबं या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर राहायला आणली होती. खालची ही मोठी खोली त्यांच्या पोरांची.

“खेळणं फुकट,” ताई म्हणाल्या. “पगार निरोप घ्यायचा मिळतो.”

टकळीला ओ की ठो कळलं नाही. पण हरल्यासारखं दिसू नये म्हणून ती मोठ्यांदा हसली, चपला काढून आत शिरली.

कोपऱ्यात मुंगी होती. वय वर्षं चार. दिवसभर एकेक ठोकळा इकडून तिकडे वाहायची, म्हणून हे नाव. आगीनंतर तिने बोलणं टाकलं होतं. तरी बुधवारी, टकळी मदतीला आली त्या पहिल्याच दिवशी, ती चक्क तिच्या मांडीला टेकून बसली होती. निघायच्या वेळी मुंगी बाहुलीला झोपवण्यात गुंगलेली पाहून टकळी चवड्यांवर पसार झाली होती. रडारड नाही, काही नाही! घरी तिने त्याची फुशारकीही मारली होती.

आज मुंगी तिच्याकडे ढुंकून बघेना. टकळी घोडा झाली, माकड झाली, डोक्यावर ठोकळ्यांचा मनोरा रचून धाडकन पाडून झाला. छे! मुंगी उठली, दाराशी गेली, टकळीची एक चप्पल उचलून आणली आणि तिच्यावर ठाण मांडून बसली. तोंड दाराकडे.

टकळी फिस्सकन हसली. ताई हसल्या नाहीत.

“बुधवारी हिला सांगून गेली होतीस?”

“नाही. रडली असती ना.”

“रडली असती, मग थांबली असती.” ताईंनी आवाज खाली आणला. “आग लागली तेव्हा ही मावशीकडे झोपली होती. उठली तोवर आईला दवाखान्यात नेलेलं. आई बरी होतेय, येईल लवकरच. पण तेव्हापासून कुणी गुपचूप गेलं की ही दार सोडत नाही. बुधवारी जेवायलासुद्धा उठली नाही.”

टकळीचे कान तापले. “मग आता काय करू?”

“निघताना तिच्यासमोर बस. जातेस ते सांग, कधी येणार ते सांग. थापा नकोत. आणि रडली तर पळायचं नाही.”

निघायची वेळ झाली. खिडकीतून मैत्रिणींच्या खुणा सुरू झाल्या. टकळीने मुंगीसमोर मांडी घातली, आणि वक्तृत्वातल्या पहिल्या नंबराला शब्द सापडेनात.

“मुंगे... त्या दिवशी मी न सांगताच गेले. चुकलं माझं. आता मी घरी जाणार आहे. बुधवारी शाळा सुटली की परत येणार.”

मुंगीने भोकाड पसरलं. टकळीने ताईंकडे पाहिलं. ताई आपल्या ठोकळेच पुसत होत्या. खिडकीतल्या खुणा थांबल्या. टकळी बसून राहिली. भोकाडाचे हुंदके झाले, हुंदक्यांचं नुसतं नाक ओढणं झालं. मग मुंगी उठली, खालची चप्पल पोटाशी धरली आणि दाराशी पडलेल्या दुसऱ्या चपलेकडे बोट दाखवलं.

“ती ने. ही ठेव.”

ताईंच्या हातातला ठोकळा निसटला.

“ठेवते,” टकळी म्हणाली. “बुधवारी घेईन.”

एका पायात आपली चप्पल, दुसऱ्यात ताईंची ढगळ स्लिपर, अशी तिची वरात घरी निघाली.

“काय गं, पगार झाला वाटतं!” मैत्रिणींनी चिडवलं.

“झाला. अर्धा!”

घरी बाबा पिशवी भरत होते. मालाचा ट्रक घेऊन ते पहाटे निघायचे ते आठवड्याने परतायचे. सगळी हकिकत ऐकून आई पोट धरून हसली.

“अगदी तुझी बहीण शोभते! तूही बाबांचा एक बूट पांघरुणात घेऊन झोपायचीस. निघताना ह्यांची शोधाशोध.”

“तरी हळूच काढून घ्यायचो आणि मांजराच्या पावलांनी सटकायचो,” बाबा अभिमानाने म्हणाले. “अजूनही तसाच जातो. तुला एकदाही रडवलं नाही.”

हा किस्सा घरात दर पाहुण्याला ऐकवला जायचा, आणि सगळ्यांत मोठ्यांदा टकळीच हसायची. आज ती पायातल्या ढगळ स्लिपरकडे बघत राहिली. आई हसता हसता थांबली.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” टकळी शेजारपाजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “उद्या पहाटे मला उठवायचं. नाही उठले तर तोंडावर पाणी मारा. पण मला सांगितल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि बाबा, मी रडलेच, तर तुम्ही जरा थांबायचं.”