बारा ते दोन

प्रतिभाच्या अहवालात एकही आकडा चुकीचा नव्हता, आणि गोची तिथेच होती.

टाउनशिपमधल्या शिलाई केंद्रात कामगारांच्या बायका कारखान्याचे गणवेश शिवत. ते चालू ठेवायचं की बंद करायचं, हे या अहवालावर ठरणार होतं. समाजाच्या उपयोगी पडेल असं व्यवस्थापन शिकवायचं, हा तिच्या एमबीए कॉलेजचा बाणा. म्हणून सुट्टीत असं एखादं काम करावं लागे. हे तिने हट्टाने मागून घेतलं होतं. इथेच लहानाची मोठी झालेली, तिला इथलं कोण काय शिकवणार? पंधरा दिवस वही घेऊन बसली. बाराला केंद्राला कुलूप, ते थेट दोनला उघडे. बावीस मशिनं रोज दोन तास बंद. निष्कर्ष: केंद्र बंद करावं, काम जवळच्या मिसरोद गावातल्या ठेकेदाराला द्यावं.

कॉलेजची एक अट होती. अहवाल ज्यांच्याबद्दल असेल त्यांना तो आधी वाचून दाखवायचा. अहवाल सकाळीच कारखान्यातले खातेप्रमुख खांडवेसाहेब यांच्याकडे पोचला होता, चारला बैठक होती. अट उरकायची म्हणून प्रतिभा अडीचला केंद्रात गेली.

वाचून झालं. मशिनं थांबली. केंद्र सांभाळणाऱ्या शारदाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बराबर लिहिलंस, बेटा. बारा ते दोन आम्ही नसतोच. तू कुठे असायचीस तेव्हा?"

"घरी. जेवायला."

"आणि पप्पा?"

"तेही येतात. भोंगा झाला की."

"गरम पोळी कोण वाढतं?"

प्रतिभाचे कान तापले. बाराच्या भोंग्याला अख्ख्या टाउनशिपच्या स्कूटरी घराकडे वळतात, हे ती जन्मापासून बघत होती. पंधरा दिवस ती स्वतः ताटावर बसली होती आणि आई तव्यापाशी उभी होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

चारला खांडवेसाहेब खुशीत होते. "असं निर्भीड लिहायला हवं," म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं. त्यांच्याच खात्यात तिचे बाबा कारकून होते. प्रतिभा खुर्चीवरून उठली.

"साहेब, सही करू नका. माझा निष्कर्ष चुकलाय."

"आकडे चुकले?"

"नाही."

"मग?"

"साहेब, आज दुपारी तुम्ही कुठे जेवलात?"

टेबलाभोवती बसलेल्या पाचही अधिकाऱ्यांनी माना खाली घातल्या. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"घरी," ते अखेर म्हणाले.

"आम्हीही. त्या बायकाही तेव्हा आपापल्या घरी वाढायला जातात. परत येऊन सहापर्यंत बसतात. गणवेश एकदाही उशिरा गेलेला नाही."

मग साहेबांनी टोपण लावलं आणि अहवाल तिच्याकडे सरकवला. "केंद्र राहू दे. पण तुझं काम पूर्ण झालं असं कॉलेजला मी लिहून देणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाराचा भोंगा झाला. लेक साहेबांसमोर बोलली म्हणून बाबा घुश्शात पानावर बसले. प्रतिभाने आईच्या हातातून लाटणं काढून घेतलं.

"आई, आज तू बस."

आई बसली, पण खुर्चीच्या टोकावर, कधीही उठावं लागेल अशी.