घराबाहेर काढलेला मैदा

मंगळवारी सकाळी सव्वासातला पेणजवळच्या जोहे गावात मालूने मैद्याचं पोतं स्वयंपाकघरातून ओढत आणलं आणि अंगण ओलांडून रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं. मग कोपरापर्यंत हात धुतले, साडी बदलली आणि जमीन पुसायला घेतली.

सासू कृष्णाबाई दारात उभी राहून बघत होती. गणपतीचा हंगाम तोंडावर, दिनानाथशेठच्या कारखान्यातून साचे येऊन पडलेले, आणि सून कामाचा माल बाहेर काढतेय, हे तिच्या डोक्यात शिरेना. मैदा शिजवून खळ करायची, तीत कागदाचा लगदा मळायचा आणि साच्यात थापून गणपती काढायचे, हे काम मालू लग्नापासून घरी करत आली होती. नवरा सखा डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. त्याची शिफ्ट तुटली की घर या खळीवर चालायचं.

पण मैना, मालूची मुलगी, आठ वर्षांची होऊन पाचाची दिसत होती. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. दिवाळीनंतर पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की गव्हातलं ग्लुटेन हिच्या आतड्यांना सोसत नाही; गहू जन्मभर बंद, चिमूटभरसुद्धा नको. मालूने तो शब्द तंतोतंत पाळला. चपात्या गेल्या, सगळ्यांना तांदळाची भाकरी आली. सखा कुरकुरला, तर त्याच्या डब्यातही भाकरीच गेली. रवा, शेवया, बिस्किटं गेली. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं असं कळल्यावर हिंग गेला. गिरणीत गव्हावर दळण पडतं म्हणून तिने माळ्यावरचं जातं खाली उतरवलं. एका पूजेत मैनाच्या हातावर शिऱ्याचा प्रसाद पडला, तो तिने वाढणारीला परत घ्यायला लावला. गावात त्यावर बरंच बोलणं झालं. देव विचारायला आला तर त्याला सांगेन, तुम्हाला का सांगू, असं म्हणून तिने विषय मिटवला.

एवढं करून आदल्याच दिवशीचा, सोमवारचा रिपोर्ट जवळजवळ होता तसाच आला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, घरात पीठ आणखी कुठून येतं का? मालूला ते झोंबलं. तिने खाण्यातलं एकूण एक सांगितलं. खळीचं सांगितलं नाही. खळ काही कोणी खात नाही.

परतीच्या एसटीत मैना खिडकीशी बसून नखाच्या कडेचा पांढरा पापुद्रा दातांनी सोलत होती.

“काय खातेस गो?”

“काय नाय. गणपतीचं हाय.”

शाळेतून आली की ती आईशेजारी बसून मूर्तीला कान चिकटवायची. खळ बोटांवर वाळायची, ती अशीच निघायची. इतके महिने मालूने घरातला प्रत्येक डबा उघडून पाहिला होता. पोरीची बोटं पाहिली नव्हती. जोहे येईपर्यंत तिने मैनाचा हात मुठीत धरून ठेवला.

मंगळवारी दहाच्या सुमारास दिनानाथ टेम्पो घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. पोरीला हात धुवायला लाव, नाहीतर काम चालू असताना शेजाऱ्यांकडे बसव, असं त्याने सुचवलं. मैदा चाळला की पिण्याच्या हंड्यावर थर बसतो, तो हंडा कुठे बसवू, असं मालूने विचारलं. मग चिंचोक्याच्या खळीत काम करते म्हणाली. ती खळ काळपट, वाळायला उशीर, पावसाळी हवेत बुरशी, असं दिनानाथने एकेक मोजून दाखवलं.

“बुरशी धरली तर मूर्ती मी परत घेईन, शेठ,” मालू म्हणाली. “पोरगी तुम्ही परत घ्याल काय?”

दिनानाथने पोतं उचललं, साचे टेम्पोत चढवले. एक साचा मात्र ओट्यावर राहू दिला. “शनिवारी येतो. आत ओल राहिली नाय तर बघू.”

समोरच्या घरातली रंभाही मैद्यातच काम करायची. तुझ्या हट्टापायी शेठ आमच्याही घरचं काम काढेल, असं तिने रस्त्यातच सुनावलं. मालूने ते ऐकून घेतलं आणि मैना तुझ्या घरात पाऊल टाकणार नाय, हे तिलाही तोंडावर सांगितलं.

बुधवारी मालूचा भाऊ दत्तात्रेय रोह्याहून गाडीने पिशवीभर चिंचोके घेऊन आला. मालूने ते भाजले. टरफलं काढायला कृष्णाबाई न बोलावता येऊन बसली.

“आमच्या टायमाला हीच खळ होती,” ती म्हणाली. “पन आमी शेठच्या तोंडाला लागत नव्हतो.”

“म्हनून तर मैदा आला,” मालू म्हणाली.

भिजवून, वाटून, शिजवून खळ तयार झाली. गुरुवारी मूर्ती साच्यातून निघाली. मैना लांब पायरीवर बसून बघत होती. तिला हात लावायची मनाई होती.

पुढचं रक्त डॉक्टर काही महिन्यांनी तपासणार आहेत. शनिवारी संध्याकाळी मूर्तीचा पुढचा भाग वाळला होता, पाठ अजून ओलसर होती. दिनानाथचा टेम्पो हमरापूरच्या बाजूने गावात शिरल्याचं कोणीतरी सांगितलं होतं. मालूच्या दारात तो अजून आलेला नव्हता.