सातवी चिठ्ठी

दचकू नका, मीच बोलतेय. रेडिओ केंद्रातल्या कपाटावरची हिरवी पेटी. अंगानं पत्र्याची, वर चिठ्ठी टाकायला फट, पुढे कुलूप. जन्मानं मी तक्रारपेटी. पण इथली माणसं तक्रार लिहून कशाला करतील? ती एकमेकांच्या तोंडावर ओरडून मोकळी होतात. चार वर्षांत माझ्या पोटात चॉकलेटच्या एका कागदाखेरीज काही पडलं नाही.

मग मास्तर आले. तीस वर्षं शाळेत बास्केटबॉल शिकवून निवृत्त झालेले, कानानं थोडे कमी, बोलण्यात एकदम सरळ. व्यावसायिक महिला संघांची अंतिम लढत सुरू होणार होती, तांबडे विरुद्ध निळे. सामने सात, चार जिंकेल तो विजेता. आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी एक खूळ काढलं. सामन्याच्या दिवशी सकाळी मास्तरांनी आपला अंदाज लिहायचा, सोबत एका वाक्यात कारण द्यायचं आणि चिठ्ठी माझ्यात टाकून कुलूप लावायचं. सामना संपला की निवेदिकेनं ती रेडिओवरून सगळ्यांना वाचून दाखवायची.

मास्तरांची मुलगी चार नंबरची जर्सी घालून तांबड्यांकडून खेळायची, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरी तीनदा त्यांनी ‘निळे’ लिहिलं आणि तीनदा निळेच जिंकले. उरलेले तीन सामने तांबड्यांचे, तेही मास्तरांनी आधीच लिहिलेले. सहापैकी सहा! भाजीवाली भाव सांगायच्या आधी त्यांना अंदाज विचारायला लागली. साहेब म्हणाले, “मास्तर, सातवा बरोबर आला की दर रविवारचा एक तास तुमचा.” त्या दिवशी खिशातल्या रुमालानं मास्तरांनी मला तीनदा पुसलं. माणूस फार खूश झाला की काहीतरी पुसत सुटतो, हे मी पाहून ठेवलंय.

सातव्या सामन्याच्या सकाळी ते एकटेच माझ्यासमोर बसले होते. तेवढ्यात मुलीचा फोन आला. कानाचं दुखणं, म्हणून फोनचा आवाज मोठा. त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

“बाबा, उजव्या गुडघ्याची सूज उतरत नाहीये. कालपासून बर्फ लावतेय. इंजेक्शन घेऊन खेळणार आहे. कोच आणि डॉक्टर सोडून कुणाला माहीत नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.”

“खेळू नकोस म्हटलं तर ऐकशील?”

“नाही.”

“मग मी तरी कशाला म्हणू? गरम कपडे घालून बस.”

फोन ठेवून त्यांनी झरझर लिहिलं. ‘निळे. कारण तांबड्यांच्या चार नंबरचा गुडघा दुखावलाय.’ लिहिलेलं वाचलं, आणि कागदाचे बारीक बारीक तुकडे केले.

“तिनं बापाला सांगितलंय,” ते माझ्याकडे बघत पुटपुटले, “रेडिओला नाही.”

त्यांनी नवा कागद घेतला. निळ्यांच्या बाजूनं दुसरं खरं कारण सापडेना. गुडघा सोडला तर तांबडे सरळ सरळ वरचढ होते. शेवटी, काहीच माहीत नसलेल्या माणसानं जे लिहिलं असतं तेच त्यांनी लिहिलं. ‘तांबडे, सहा गुणांनी. कारण घरचं मैदान आणि बचाव.’ चिठ्ठी आत पडली, कुलूप लागलं. मास्तरांना जे होणार असं वाटत होतं, त्याच्या नेमकं उलट माझ्या पोटात होतं.

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर गोळा झाले. मला मधल्या टेबलावर ठेवलं होतं. शेवटचे बारा सेकंद राहिले, तांबडे एका गुणानं मागे, आणि मास्तरांच्या मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही पडले की हातात आघाडी. निवेदिकेनं डोळे मिटून घेतले. साहेब खुर्चीवर चढले. सगळे बास्केटकडे बघत होते, मास्तर एकटे तिच्या गुडघ्याकडे. त्यांचा हात माझ्या झाकणावर होता.

पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटून बाहेर आला.

“पायातून जोरच येत नाहीये,” मास्तर ओठांतल्या ओठांत म्हणाले. “पोरी, हातानं भागव.”

दुसरा रिंगपर्यंतही पोचला नाही. नियमाप्रमाणे चेंडू निळ्यांना मिळाला आणि वेळ संपेपर्यंत त्यांनी तो सोडलाच नाही.

निवेदिकेनं मला उघडून चिठ्ठी वाचली. साहेब माइकवरच हसले. “शेवटी बापाचं काळीज! पोरीच्या मायेनं मास्तरांचं गणित बिघडवलं.” मास्तरांपुढे माइक आला. “चुकलो,” एवढंच ते म्हणाले. रविवारचा तास दुसऱ्याच कुणाला तरी मिळाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर आपलं सामान आवरायला आले, तेव्हा मुलगी काठी टेकत मागोमाग आली. खोलीत ती दोघं आणि मी.

“बाबा, खरं सांगा. आम्ही जिंकू असं वाटलं होतं तुम्हाला?”

“नाही.”

“मग फक्त माझं गुपित राहावं म्हणून तसं लिहिलंत? मी आत्ताच जाऊन साहेबांना सांगते.”

“काय सांगशील? दुखऱ्या पायाची पोरगी खेळवली म्हणून हरलो, असं गाव म्हणेल. सगळं खापर तुझ्यावर फुटेल. बस खाली, पाय वर घे.”

“आणि तुम्हाला आंधळ्या मायेचा बाप म्हणताहेत ते?”

“म्हणू दे की,” मास्तर म्हणाले. “त्यात खोटं काय आहे?”

ती खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

याला आता पाच वर्षं झाली. ती खेळत नाही, शाळेतल्या मुलींना शिकवते, म्हणून आज मी तोंड उघडलं. माझ्यात चिठ्ठी टाकायला कुणी येत नाही, कुलपाची किल्लीही हरवलीय. त्याचं मला काही वाटत नाही. पण इथे नवा माणूस कामाला लागला की त्याला मास्तरांच्या सातव्या चिठ्ठीचा किस्सा अजून रंगवून सांगतात आणि सगळे पोट धरून हसतात. मास्तर कधीमधी येतात, तेव्हा तेही त्यांच्याबरोबर हसतात. तुम्ही तेवढं हसू नका.