निळ्या खांबांचं शेत

"हा माणूस कोण, सांगाल का?" सादाएने वर्तमानपत्राचं कात्रण टेबलावर ठेवलं.

फोटोत भातखाचरांत रोवलेले उंच निळे खांब होते आणि एका खांबाला खांदा लावून उभा असलेला पाठमोरा मजूर. गावातल्या कलामहोत्सवाची तिकिटं देणाऱ्या बाईने चष्मा वर केला. खांब टोकियोच्या कलावंताचे, मजुरांची नावं मला कुठून ठाऊक असणार, असं म्हणून तिने गावाचा नकाशा पुढे केला.

सादाए तीस वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होती. पाठी चोळून चोळून तिला माणूस पाठीवरून ओळखता यायचा. हा डावा खांदा नाओयाचा होता, तिच्या मुलाचा. सहा वर्षांपूर्वी त्याने तिसरी नोकरी सोडली, तेव्हा ती म्हणाली होती, "मला तोंड दाखवू नकोस." त्याच आठवड्यात फोन फडताळावर ठेवून तो निघून गेला. सज्ञान माणूस आपल्या मर्जीने गेला तर आम्ही काय करणार, म्हणून पोलिसांनीही हात वर केले.

एका दिवसाची रजा काढून ती आली होती. शाळेच्या पटांगणातला आरशांचा गोळा, पर्सिमन फळांच्या बागेत टांगलेल्या गंजक्या होड्या, जिथे माणूस दिसेल तिथे ती कात्रण दाखवत होती. लोक नम्रपणे माना हलवत होते. शेवटची बस चारची. खांबांच्या शेतापाशी पोचली तेव्हा सव्वातीन झाले होते.

तिथे राखणीला कुवाबारा नावाचे म्हातारे शेतकरी बसले होते. कात्रण बघून त्यांनी ते घडी घालून परत दिलं.

"बाई, त्याने आमच्याकडून शब्द घेतलाय. कुणी विचारत आलं तर नाही म्हणा म्हणून."

"तुम्ही नाही म्हणालात तर मी उद्या परत येईन. परवाही येईन."

त्यांनी तिच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे पाहिलं. मग नुसता हात खालच्या खाचराकडे केला. तिथून गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज येत होता.

ती बांधावरून उतरली. तिला पाहताच त्याने यंत्र बंद केलं. दाढी वाढली होती, गालफडं बसली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग टोपी काढून, पाहुण्यांपुढे वाकतात तसा वाकला.

"इथून नीट दिसत नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही त्या दगडावर उभ्या राहा. तिथून सगळे खांब एका रेषेत येतात."

तुम्ही. सहा वर्षं घोकलेलं सगळं बाजूला राहिलं. नावाने हाक मारली तर हा इथूनही जाईल, हे तिला कळलं. ती दगडावर चढली. डोळे भरले होते. खांब एका रेषेत आले की नाही, तिला दिसलंच नाही.

"इथे बर्फ फार पडतो का?" तिने विचारलं.

"पडतो. पण खोलीत शेगडी आहे."

"जेवणाखाण्याचं?"

"होतं काहीतरी."

"पुढच्या वर्षी असतील ना हे खांब?"

"नाही. पानं गळायच्या आत काढणार आहेत."

"आणि तुम्ही?"

तो यंत्राच्या पात्यात अडकलेलं गवत बोटांनी सोडवत राहिला. पातं स्वच्छ झालं तरी सोडवत राहिला.

वर बसचा भोंगा वाजला. सादाए दगडावरून उतरली, त्याच्याएवढीच वाकली, आणि बांध चढू लागली. मागे वळून पाहिलं नाही. ती वळणाआड जाईपर्यंत यंत्र सुरू झालं नाही.