डोहातला जबाब

धडगावच्या पलीकडे, जीप जिथे हात टेकते तिथून तासभर चाललं की रेवजीचा पाडा लागतो. पाड्याखाली नदी आणि नदीत देवडोह. त्या डोहात साबण लावायचा नाही, काळ्या बुडाचं भांडं बुडवायचं नाही, मासळी अंड्यावर असताना जाळं टाकायचं नाही. आणि डोहाच्या पाण्यात उभं राहून खोटं बोलायचं नाही. पाड्यातली भांडणं तिथेच मिटत. रेवजीच्या बापाने गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतः केलेली बोकडाची चोरी कबूल केली होती. कोर्टात शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलणाऱ्या शहाण्यांनी याला खुशाल हसावं.

डोहाची राखण रेवजीच्या घराण्याकडे. चार वर्षांमागे शहाद्याकडचा एक इंजिनिअर आला, भूपेंद्र नावाचा. रेवजी तेव्हा पाण्यात उतरून पालापाचोळा काढत होता. भूपेंद्रने काठावरूनच विचारलं, “बाबा, उन्हायामां हाई पानी आटस का?”

चार पावलं चालून काठावर आला असता, तर रेवजीला काहीही सांगता आलं असतं. पण पाण्यातून त्याचा पाय हलला नाही. खरं सांगायचं तर थोडी फुशारकीही होती. त्याच्या डोहाबद्दल इतक्या आस्थेने आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

बाजारात शिकलेल्या अहिराणीत तो म्हणाला, “नई आटस. मन्हा आजाना येळले दुष्काय पडना, तवय बी नई आटनं.”

भूपेंद्रने ते लिहून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात डोहाच्या पोटात विहीर खणली, मोटर बसवली, आणि पाणी पाइपातून घाटावरच्या नव्या पर्यटक निवासाला चढलं. तिथे पोहायचा तलाव आहे म्हणे. यंदाच्या उन्हाळ्यात देवडोहाने तळ दाखवला. मासे चिखलात तडफडून मेले. पाड्यात कुणी त्यांना हात लावला नाही, कावळ्यांनी खाल्ले.

“काठावर येऊन बोलला असतास तर जीभ झडली असती का?” त्याची बायको रूपलीबाई रोज विचारायची. पाण्यासाठी ती अर्धा डोंगर उतरून जायची. रेवजीला तोंड वर करायची सोय नव्हती.

मे महिन्यात भूपेंद्र पंचनाम्याला आला. ज्या पाड्याचं पाणी दरवर्षी आटतं, त्यालाच टँकर. निवासाच्या पाणीयोजनेने आटलं असं लिहिलं की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत पावसाळा. पाडा रिकामे हंडे घेऊन काठावर उभा होता. भूपेंद्र आणि रेवजी डोहाच्या भेगाळलेल्या तळात उतरले.

“बाबा, हाऊ डोह पहिलेपासून आटस, इतलंच सांगा,” भूपेंद्र म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

रेवजीने पायांखाली पाहिलं. बाप इथेच उभा राहिला होता. काठावर रूपलीबाई होती, तिचा हंडा होता.

“आटस,” तो म्हणाला. “दर उन्हायामां आटस.”

त्याने अंगठा उठवला. शाई धुवायला भूपेंद्रने बाटलीतलं पाणी त्याच्या बोटावर ओतलं. ते ओघळून त्याच्या पावलांपाशी पडलं आणि रेवजी दचकून मागे सरला.

“घाबरतोस कशाला?” रूपलीबाई काठावरून म्हणाली. “पाण्यात थोडाच उभा होतास.”

तिचं खरं होतं. नियम मोडला नव्हता. रेवजी तिथेच खाली बसला आणि सगळ्या पाड्यादेखत रडला.