टाकीवर वाकलेला माणूस आणि मी

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण भिंतीवर टांगून लोक ज्याच्यात भांग पाडतात, तसला नव्हे. मी तळहाताहून जरा मोठा, लाकडी पायावर टेबलावर उभा राहणारा. कुणाच्या तरी कपाटाला काच बसवताना जो तुकडा उरला, तो मी. काचवाला मला कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात दुकानात आलेली एक मुलगी म्हणाली, "टाकू नका हो, मला द्या."

"एवढ्याशा काचेत काय दिसणार तुम्हाला?"

"माझं तोंड मावलं म्हणजे झालं."

काचवाल्याने हसत माझ्या कडा घासून दिल्या. ती मुलगी म्हणजे आमची ताई.

ताई हलती चित्रं काढायची. पडद्यावर ससा एक सेकंद धावायचा, तर त्यासाठी तिला बारा चित्रं काढावी लागत. ससा रुसणार असला की आधी ती माझ्यासमोर रुसायची. गाल फुगवायची, भुवया चढवायची, आणि माझ्यात बघून तेच कागदावर उतरवायची. तिची आई दारातून म्हणायची, "एवढी घोडी झाली, पण माकडचेष्टा काही सुटत नाहीत हिच्या!" मला मात्र त्या दिवसांत फार धन्य वाटे. रोज सकाळी कामाला बसण्याआधी ताई मऊ फडक्याने मला पुसायची. तो तिचा नेम होता. अंगात ताप असला तरी तो चुकला नाही.

पुढे ताई एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात लागली आणि मीही तिच्या पिशवीतून तिथे गेलो. जिथे कॅमेरा पोचला नाही, तिथे काय घडलं ते पेपरच्या वेबसाइटवर हलत्या चित्रांतून दाखवायचं, हे तिचं काम. तिथे दोन नियम होते. चित्राखाली ठळक पट्टी हवी, 'हे रेखाटन आहे' म्हणून. आणि कुणाही खऱ्या माणसाचा चेहरा काढायचा नाही.

तिच्या शेजारच्या टेबलावर मुद्रितशोधक काका बसत. छापायच्या आधी प्रत्येक मजकुरातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणत. पांढऱ्या मिश्या, मोठे कान, आणि चूक सापडली की नाकावर सरकणारा चष्मा. संपादकसाहेबसुद्धा त्यांना वचकून असत. काका म्हणत, "साहेब, तुमची चूक ती चूक नाही का? लोक काय, तुमचं नाव बघून माफ करणार?"

एकदा गावात अफवा उठली, की पाण्याच्या मोठ्या टाकीत कुणीतरी विष टाकलं. बातमीदाराने शोध घेतला. टाकीवर चढलेला माणूस पालिकेचा कामगार होता आणि पाणी शुद्ध करायची पावडर टाकत होता. हे लोकांना नीट कळावं, म्हणून संपादकसाहेबांनी ताईला दोन मिनिटांची चित्रफीत करायला सांगितली. संध्याकाळपर्यंत हवी म्हणाले.

झाकण उचलून वाकणारा माणूस ताईला काही केल्या जमेना. ती स्वतः वाकली की माझ्यातून दिसेनाशी व्हायची. शेवटी म्हणाली, "काका, जरा इथे उभे राहून वाकून दाखवता का? टाकीचं झाकण उघडल्यासारखं."

"मानधन काय?"

"एक चहा."

"मग आधी चहा. रिकाम्या पोटी मी कुणापुढे वाकत नाही."

चहा झाला. काका वाकले. ताईला समोरच्या माणसालाही माझ्यात बघूनच काढायची सवय होती. मी त्यांना जसंच्या तसं दाखवलं, मिश्यांसकट, कानांसकट. मित्रांनो, मला दुसरं काही येतच नाही. ताईला खरं तर फक्त त्यांचं वाकणं हवं होतं. पण हात घाईत होता, आणि वाकण्याबरोबर चेहराही कागदावर उतरला.

काम झाल्यावर काकांनी चित्रफीत बघितली आणि चष्मा नाकावर सरकवला. "अगं, हा तर मीच!"

ताई ओशाळली. "बदलते काका. तासभर लागेल."

दुसऱ्या कुणाची चूक असती, तर काकांनी पान अडवून धरलं असतं. पण ताईच्या दमलेल्या डोळ्यांकडे बघून ते म्हणाले, "राहू दे गं. चित्रच तर आहे. म्हातारपणी हिरो झालो म्हणायचं!" सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो. त्या हसण्याची बोच अजून जात नाही.

चित्रफीत त्याच संध्याकाळी लोकांपुढे गेली आणि चार दिवसांनी ती कुणीतरी उचलली. खालची पट्टी कापली. मग कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला ती दिली, आणि यंत्राने ताईच्या रेषांवर कातडी चढवली. मिश्यांचा केस न् केस दिसू लागला, कपाळावर घाम आला. वर एक दरडावणारा आवाज जोडला, 'बघा, हाच तो विष टाकणारा!' एका दिवसात ते चित्र घरोघरच्या फोनवर पोचलं. काकांच्या गल्लीतही पोचलं.

त्या गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांचा एक नळ होता. त्याला त्याच टाकीचं पाणी येई. काका दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते थेट ताईच्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, "आज नळावर गेलो, तर बायकांनी आपापले हंडे लांब ओढले. कुणी काही बोललं नाही गं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "ही म्हणाली, अहो, उद्यापासून मीच जाते पाण्याला. तिलाही वाटतं की काय, कोण जाणे."

ताई तडक संपादकसाहेबांकडे गेली. "चूक माझी आहे. छापा तसं."

"आपणच खरा चेहरा वापरला म्हणून छापायचं? उद्या आपल्यावर विश्वास कोण ठेवेल?"

"आणि नाही छापलं तर काकांवर कोण ठेवेल?"

साहेबांनी छापलं, पहिल्या पानावर. पण गल्लीतले लोक म्हणाले, पेपरवाले आपल्या माणसाला पाठीशी घालताहेत. ताईने माझ्यासमोर बसून, काकांचा चेहरा चित्रात कसा आला ते दाखवणारी नवी चित्रफीत केली. लोक म्हणाले, हेही बनवलेलंच असणार. मला वाचा असती तर ओरडून सांगितलं असतं. पण आरशाची साक्ष कोण काढतो?

तेव्हा ताईने एक नेम धरला. रोज काम संपलं की काकांच्या गल्लीत जायचं. तेवीस घरं. रोज एक घर. ती मला, एक लहान वही आणि पेन्सिल घेऊन दार वाजवायची. पहिल्या घरातली बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गं, आता मला चढवतेस का टाकीवर?"

"हो, बसा ना."

ताईने मला मांडून त्यांच्याकडे वळवलं. दहा मिनिटांत वहीच्या पानापानांवर त्या बाईंना काढलं आणि अंगठ्याने पानं भरभर सोडली. पानांत त्याच बाई टाकीवर वाकत होत्या, हातात पुडी होती. बाईंचा चेहरा उतरला. "मी तर तिकडे फिरकलेसुद्धा नाही!"

"काकाही नव्हते गेले," ताई हळूच म्हणाली. ती पानं फाडून तिने त्यांच्याच हातात दिली.

सगळी दारं अशी उघडली नाहीत. एका आजोबांनी तोंडावर दार लावलं. ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दाराशी. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ये बाई आत, तुझ्यापुढे हात टेकले." पाऊस असो, डोकं दुखो, तिने नेम मोडला नाही. पण नेम अर्ध्यावर असतानाच काका आणि काकू गाव सोडून काकांच्या बहिणीकडे राहायला गेले. जाताना काका ताईला म्हणाले, "तुझ्यावर राग नाही गं माझा. मीच राहू दे म्हटलं होतं." हे ऐकून ताई रडली नाही. संध्याकाळी मला पिशवीत घालून पुढच्या घरी गेली.

शेवटचं, तेविसावं घर काकांचं. दाराला कुलूप होतं. तरी ताईने दार वाजवलं, नेम म्हणून. आवाज ऐकून ती पहिल्या घरातली बाई बाहेर आली. खाली बघत म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी मिळून फोन केला होता गं त्यांना. या म्हटलं, चुकलो आम्ही. काकू म्हणाल्या, ह्यांना आता आरशात बघवत नाही. दाढीसुद्धा न्हाव्याकडून करून घेतात, डोळे मिटून."

मी पिशवीत होतो. मी ते ऐकलं.

आता मी ताईच्या टेबलावर पालथा असतो. ती रोज सकाळी मला उचलून पुसते आणि परत पालथा ठेवते. मित्रांनो, माझ्यासमोरून माणूस उठून गेला की माझ्यात त्याचं काही उरत नाही. तुमच्या हातातल्या फोनमध्ये उरतं, आणि एका बोटाने हजार घरी जातं. मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. कुणाचा चेहरा पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा. हे कुणी बनवलं, कुठून आलं, ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तो चेहरा तुमच्यापाशीच राहू द्या. तो ज्याचा आहे, त्यालाही उद्या सकाळी नळावर जायचं असतं.